डावा पाय आणि जुना ट्रॅक्टर

गेल्या वर्षी एप्रिल महिन्यातील एका रविवारी पवित्र मिस्सा आटोपून आम्ही चर्चच्या पायऱ्या उतरत होतो, तोच खानापूर तालुक्यातील एका खेड्याचे वृद्ध शेतकरी आणि त्यांचा मुलगा आमच्यापुढे येऊन उभे राहिले. दोघे एकाच घरातून, एकाच वाटेने आले होते. परंतु दोघांच्या मध्ये चार हातांचे अंतर होते आणि कोणी कोणाच्या तोंडाकडे पाहत नव्हते.

"ह्याने माझा ट्रॅक्टर मोडला," वडील म्हणाले. "दिवसभर क्लचवर पाय ठेवून बसतो."

"बाबा, तो मोडायला आधी धड होता कुठे?" मुलगा म्हणाला. "माझ्या जन्माआधीचे ते लोखंड. भंगारात घाला म्हणतो, तर ऐकत नाहीत."

चौकशी केली तेव्हा हकीकत कळली ती अशी. ट्रॅक्टर मॅसी फर्ग्युसन ३५, जुन्या बाजारात घेतलेला. मोकळा चालवला तर बरा चाले. पण नांगर जमिनीत उतरला की इंजिन गर्जना करी, चाके मात्र जागच्या जागी थबकत, आणि जळक्या वासाने रान भरून जाई. तालुक्याच्या एका मिस्त्रीने बाहेरूनच आवाज ऐकून निदान केले होते, की ट्रॅक्टर मधोमध उघडावा लागेल, क्लचचा सगळा संच बदलावा लागेल आणि गिअरही गेले असावेत. त्याने सांगितलेला आकडा ऐकून घरच्या बाईने लग्नातल्या सोन्याच्या बांगड्या पेटीतून बाहेर काढून ठेवल्या होत्या. भाताची धूळवाफेवरची पेरणी महिन्यावर आली होती.

आम्ही दोघांना एवढेच म्हटले, की मंगळवारी आम्ही एक पाना आणि एक मोजपट्टी घेऊन येतो; तोवर कोणी बांगड्या गहाण टाकू नयेत, कोणी भंगारवाल्याला बोलावू नये, आणि दोष कोणाचा याविषयी घरात शब्द काढू नये. पहिल्या दोन गोष्टी त्यांनी मान्य केल्या. तिसरी कठीण गेली असावी.

वाचकबंधू-भगिनींनो, आपल्या धर्मग्रामातील कित्येक घरांच्या मागच्या पडवीत असा एखादा जुना ट्रॅक्टर उभा आहे. म्हणून त्या मंगळवारी काय पाहिले आणि कोणत्या क्रमाने पाहिले, ते या सदरात सविस्तर सांगावे असे आम्हांस वाटले.

या यंत्राची जात

हॅरी फर्ग्युसन यांचा टी.ई. २० हा लहानसा करडा ट्रॅक्टर इंग्लंडमधील कॉव्हेन्ट्री येथे १९४६ ते १९५६ या दहा वर्षांत ५ लाखांहून अधिक संख्येने तयार झाला. १९५६ मध्ये त्याच्या जागी ३५ हा नमुना आला. फर्ग्युसन यांची कंपनी कॅनडाच्या मॅसी-हॅरिस कंपनीशी १९५३ मध्येच एक झाली होती. त्यामुळे पुढे या ट्रॅक्टरवर मॅसी फर्ग्युसन हे नाव आले. आपल्या देशात १९६० मध्ये मद्रास येथे ट्रॅक्टर्स अँड फार्म इक्विपमेंट ही कंपनी मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने स्थापन झाली आणि या जातीचे ट्रॅक्टर आपल्या शेतांवर सर्वत्र दिसू लागले.

या ट्रॅक्टरांना मोटारीसारखी वेगळी चौकट नसते. पुढे इंजिन, मध्ये क्लचचे घर व गिअरबॉक्स, मागे आस, हीच त्याची पाठ होय. क्लच या पाठीच्या मध्यभागी बंदिस्त असतो. तो डोळ्यांनी पाहावयाचा तर ट्रॅक्टर मधोमध सोडवून दोन भाग करावे लागतात, आणि त्यात मिस्त्रीचे दिवस व मालकाचा पैसा जातो. म्हणूनच उघडण्याआधी बाहेरून जे जे पाहता येते ते ते सारे पाहून घ्यावे, हा पहिला नियम. प्रभूने दृष्टान्तात बुरूज बांधू पाहणाऱ्याला आधी बसून खर्चाचा हिशेब करावयास सांगितले आहे; बुरूज उघडणाऱ्यालाही तोच उपदेश लागू पडतो.

क्लच म्हणजे काय

दोन तळहातांत भाकरी घट्ट धरली आणि हात फिरवले तर भाकरीही फिरते. हात सैल केले की ती मोकळी होते. क्लच याहून वेगळा नाही. एक तळहात म्हणजे इंजिनचे फ्लायव्हील, दुसरा म्हणजे प्रेशर प्लेट, आणि मधली भाकरी म्हणजे क्लच प्लेट. स्प्रिंगांच्या जोराने ती दाबलेली असते, आणि तिच्यामार्फत इंजिनची शक्ती गिअरबॉक्सकडे जाते. आपण पेडल दाबतो तेव्हा एक बेअरिंग पुढे सरकून प्रेशर प्लेटच्या बोटांवर टेकते, बोटे प्रेशर प्लेटला मागे ओढतात आणि भाकरी मोकळी होते.

या व्यवस्थेत पेडल वर असताना बेअरिंग आणि बोटे यांच्यात थोडी फट हवी. हीच पेडलची मोकळी चाल. हाताने पेडल हलके दाबले असता आधी ते सैल जावे आणि मग जोर लागावा. टी.ई. २० साठी ही चाल पाऊण इंच सांगितलेली आहे. इतरांनी आपापल्या नमुन्याच्या पुस्तिकेत पाहावे, आणि मोजण्याची जागाही तिथेच पाहावी, कारण काही ट्रॅक्टरांत ती पेडलाशी न मोजता खालच्या दांड्याशी मोजतात.

येथे एक गोष्ट पुष्कळांना उलटी वाटते. प्लेट झिजली म्हणजे मोकळी चाल वाढेल असा समज असतो. प्रत्यक्षात ती कमी होते. प्लेट पातळ झाली की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते, बोटांची टोके बेअरिंगकडे येतात आणि फट बुजते. अखेर बोटे बेअरिंगला टेकून राहतात आणि प्लेटवरचा दाब हलका होतो. म्हणजे कोणी पेडलला पायही न लावता क्लच अर्धवट दाबलेला राहतो. जो माणूस डावा पाय पेडलवर विसावून नांगर हाकतो, तो हेच काम आपल्या हाताने, किंबहुना पायाने, लवकर घडवून आणतो. बेअरिंग दिवसभर फिरत राहून आटते, आणि प्लेट घसरून तापते.

मंगळवारची तपासणी

आम्ही पोहोचलो तेव्हा ट्रॅक्टर फणसाच्या झाडाखाली उभा होता. वडील एका बाजूला, मुलगा दुसऱ्या बाजूला, आणि त्या घरची बाई दारात, अशी सभा भरली.

प्रथम हाताने पेडल दाबून पाहिले. मोकळी चाल मुळीच नव्हती. बोट टेकवताच जोर लागत होता. मुलाला आम्ही नेहमीप्रमाणे बसावयास सांगितले. तो बसला, आणि त्याच्या नकळत त्याचा डावा पाय आपोआप पेडलवर जाऊन विसावला. वडिलांनी घसा खाकरला. आम्ही त्यांच्याकडे पाहिले, तेव्हा ते गप्प राहिले.

दुसरी परीक्षा घसरण्याची. ट्रॅक्टर सपाट जागी घेतला, पुढची जागा मोकळी केली, मुलांना पडवीवर चढवले. ब्रेक घट्ट लावून, वरचा गिअर टाकून, इंजिन मंद ठेवून पेडल सावकाश सोडावयास सांगितले. निरोगी क्लच असेल तर इंजिन गुदमरून बंद पडते. येथे इंजिन खुशाल चालू राहिले. क्लच घसरतो हे ठरले. ही परीक्षा एकदाच आणि क्षणभरच घ्यावी. पुन्हा पुन्हा घेतल्यास परीक्षेनेच प्लेट जळते.

मग पेडलाखालचा दांडा सोडवला, गंजलेल्या पिना साफ करून ग्रीस दिले, आणि मोकळी चाल मापाला लावली. पुन्हा तीच परीक्षा घेतली. या खेपेस इंजिन कुरकुरले, मंदावले, आणि काही क्षण ओढ घेऊन बंद पडले. मुलाचा चेहरा उतरला. वडील म्हणाले, "सांगितले होते ना?"

आम्ही म्हणालो, "थांबा, अजून तपासणी पुरी झाली नाही." इंजिन बंद पडावयास जो वेळ लागला तो आम्हांला जास्त वाटला होता.

या जातीच्या ट्रॅक्टरांत क्लचच्या घराच्या तळाशी एक लहान भोक असते आणि त्यात एक सैल कॉटर पिन लोंबत असते. ट्रॅक्टर चालताना ती हलते आणि भोक चिखलाने बुजू देत नाही. पुढून इंजिनचे सील किंवा मागून गिअरबॉक्सचे सील गळू लागले, तर ते तेल प्लेटवर न साचता या भोकातून बाहेर पडावे, अशी ही योजना आहे. आम्ही वाकून पाहिले. पिन नव्हती. भोकात लाकडाची खुंटी ठोकलेली होती.

"ही कोणी मारली?" आम्ही विचारले.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग वडील हळूच म्हणाले, "मीच. तेल गळत होते. अंगण खराब होते म्हणून बंद केले. झाली असतील तीन-चार वर्षे."

त्यांनी स्वतः पक्कड घेऊन ती खुंटी उपटली. मागोमाग तेलाची धार लागली. आम्ही ते बोटावर घेऊन पाहिले. डिझेल इंजिनचे तेल वापरानंतर काळे होते. हे पिवळसर, मधासारखे होते. म्हणजे गळती गिअरबॉक्सच्या सीलची. तेल वर्षानुवर्षे त्या घरात साचून प्लेटला लागत होते. तेल प्यालेली प्लेट पेट्रोलने धुतली तरी ते सुख चार दिवसांचे. तापली की आतले तेल पुन्हा वर येते.

दारातून बाई म्हणाल्या, "मग आता दोष कोणाचा म्हणायचा?"

बाप आणि लेक दोघेही त्या खुंटीकडे पाहत राहिले. आम्हांसही उत्तर देण्याचे कारण उरले नाही.

इतर दुखणी आणि त्यांच्या खुणा

प्रत्येक घरचे दुखणे हेच असेल असे नाही. म्हणून दुसऱ्या खुणाही लक्षात ठेवाव्यात.

क्लच सुटत नसेल, तर पेडल पूर्ण दाबूनही गिअर टाकताना खरखर होते. उभ्या ट्रॅक्टरवर पेडल तळापर्यंत दाबून दहा सेकंद थांबावे आणि मग गिअर टाकावा. थांबल्यावर तो मुकाट्याने पडत असेल तर क्लच बहुधा ठीक आहे, चालवणाऱ्याची घाई आहे. थांबूनही खरखर होत असेल तर मोकळी चाल फाजील झाली आहे काय, पिना व दांडे झिजले आहेत काय, हे आधी पाहावे. ते ठीक असून खरखर राहिली तर प्लेट वाकडी झाली असेल, किंवा फ्लायव्हीलच्या मध्यातील लहान बेअरिंग धरले असेल. या जुन्या ट्रॅक्टरांचे गिअर मोटारीप्रमाणे चालत्या वेगात बदलण्यासाठी केलेले नाहीत. ट्रॅक्टर उभा करून गिअर बदलावा. दात्यांचे आयुष्य त्यातच आहे.

पावसाळाभर उभा राहिलेला ट्रॅक्टर उघाडीनंतर सुरू केला आणि पेडल दाबूनही तो पुढेच ओढू लागला, तर क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटली आहे असे समजावे. आपल्या घाटमाथ्यालगतच्या पावसात हे फार घडते. अशा वेळी गिअरमध्ये ठेवून इंजिन सुरू करण्याचे धाडस मुळीच करू नये; जाणत्या मिस्त्रीस बोलवावे. टाळण्याचा उपाय मात्र फुकटाचा आहे. ट्रॅक्टर कोरड्या छपराखाली ठेवावा, आणि दीर्घकाळ उभा ठेवावयाचा असल्यास पेडल दाबून लाकडी ठोकळ्याने अडकवून ठेवावे, म्हणजे प्लेट मोकळी राहते.

आवाजाचे निदान पायाने करता येते. गिअर न टाकता इंजिन चालू ठेवावे. पेडल दाबताच किरकिर सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग आटले आहे. उलट, पेडल वर असताना घरघर आणि दाबल्यावर शांतता, असे असेल तर दुखणे गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगात किंवा दात्यांत आहे.

काही ३५ ट्रॅक्टरांना दुहेरी क्लच असतो. पेडल अर्धे दाबले की चाके थांबतात, पूर्ण दाबले की पी.टी.ओ. आणि त्यावर चालणारा हायड्रॉलिकचा पंपही थांबतो. अशा ट्रॅक्टरवर चाके ओढत नाहीत पण मळणीयंत्र नीट चालते, असे दिसले तर दोन प्लेटांपैकी एकीचेच दुखणे आहे, हे मिस्त्रीला आधीच सांगता येते.

आता गिअरबॉक्सविषयी. ३५ ला पुढचे सहा आणि मागचे दोन गिअर आहेत. ते तीन गिअर व एक रिव्हर्स यांना हाय-लोच्या दांड्याने दुप्पट करून मिळतात. तो दांडा हाय आणि लो यांच्या मधोमध राहिला तर कोणताही गिअर टाका, ट्रॅक्टर हलत नाही. गिअरबॉक्स गेला म्हणून हाय खाण्यापूर्वी हा दांडा एकदा हलवून पाहावा. एका घरी आम्ही गेलो आणि एवढे करून परत आलो. चहा मात्र दोनदा झाला.

गिअर चालताना निसटत असेल तर ते दुखणे लहान मानू नये. गिअर जागी धरून ठेवणारी गोळी-स्प्रिंग, गिअर सरकवणारा फोर्क किंवा दाते, यांपैकी काही झिजलेले असते. शेतात गिअर निसटला तर ट्रॅक्टर थांबतो; घाटाच्या उतारावर भरलेल्या ट्रॉलीसह निसटला तर ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलत नेते आणि जुने ब्रेक पुरे पडत नाहीत. ज्याचा गिअर निसटतो त्या ट्रॅक्टरला दुरुस्तीपर्यंत ट्रॉली जोडू नये. आणि गिअर धड असला तरी उताराआधीच खालचा गिअर टाकावा. उतारावर क्लच दाबून अगर गिअर काढून ट्रॅक्टर मोकळा सोडू नये.

तेलाची पाहणी वर्षातून एकदा तरी व्हावी. या जातीच्या ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, मागची आस व हायड्रॉलिक या तिघांचे तेल एकच असते. म्हणून दुकानदार देईल ते जाड काळे तेल न ओतता पुस्तिकेत सांगितलेलेच घालावे. गिअरला चालणारे तेल पंपाला चालेलच असे नाही. तेल दुधट दिसले तर त्यात पाणी आहे. ते पाणी बहुधा गिअरच्या दांड्याभोवतीच्या फाटलेल्या रबरातून पावसाने आत उतरलेले असते. रबराचा एक लहानसा तुकडा वेळीच बदलला तर पिंपभर तेल व पंप दोन्ही वाचतात. तळाचे बूच काढल्यावर त्यावर करड्या मलईसारखा पातळ थर दिसला तर ती वयाची झीज. लोखंडाचे खडे किंवा दात्याचा तुकडा हाती आला तर मात्र त्या दिवसापासून ट्रॅक्टर उभा करावा.

जिवाची गोष्ट

यंत्र पुन्हा घेता येते. पुढील तीन गोष्टी म्हणून प्रत्येक घरात मोठ्याने वाचून दाखवाव्यात, अशी आमची विनंती आहे.

पहिली. फर्ग्युसनच्या या घराण्यातील ट्रॅक्टर गिअरमध्ये असताना सुरू होऊ नये यासाठी स्टार्टरला सुरक्षेची योजना जोडलेली असते. ती बिघडली की लोक जमिनीवर उभे राहून स्टार्टरच्या दोन टोकांना पेचकस टेकवून इंजिन सुरू करतात. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिलेला असेल तर तो तत्क्षणी पुढे झेपावतो, आणि मागचे मोठे चाक उभ्या माणसाच्या अंगावरून जाते. कोणत्याही कारणास्तव हे करू नये. ती योजना दुरुस्त करून घ्यावी आणि ट्रॅक्टर नेहमी बैठकीवर बसूनच सुरू करावा.

दुसरी. ट्रॅक्टर मधोमध उघडताना केवळ जॅकवर विसंबू नये. दोन्ही भागांखाली भक्कम ठोकळे अगर घोड्या द्याव्यात, मागच्या चाकांना दोहोंकडून अडसर लावावेत, आणि पुढची आस मधल्या खिळीवर डोलते म्हणून तिच्या दोन्ही बाजूंस लाकडी पाचरी ठोकाव्यात. नाहीतर सुटलेले इंजिन कुशीवर कोसळते. जागा सपाट व टणक हवी आणि मुलांना तेथे मज्जाव हवा.

तिसरी. जुन्या क्लच प्लेटांच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुप्फुसास घातक आहे आणि तिचा परिणाम कित्येक वर्षांनी दिसतो. म्हणून क्लचच्या घरातील भुकटी तोंडाने किंवा हवेच्या नळीने फुंकू नये. नाकातोंडावर आवरण घेऊन ती ओल्या फडक्याने टिपून घ्यावी आणि ते फडके पिशवीत बांधून टाकावे.

पुढे काय झाले

त्या मंगळवारी आम्ही बापलेकांना खरे तेच सांगितले. मोकळी चाल लावल्याने प्लेट नवी झालेली नाही. ती तेलकट व अर्धी जळलेली आहे, आणि कधीतरी ट्रॅक्टर उघडावाच लागेल. पण तो पेरणीच्या तोंडावर, कर्ज काढून, उघडण्याचे कारण नाही. खोल नांगरटीचा तुकडा दुसऱ्याच्या नांगराने उरकावा, आपल्या ट्रॅक्टरने हलकी मशागत खालच्या गिअरमध्ये करावी, ट्रॉली जोडू नये, भोकात नवी कॉटर पिन घालावी, आणि रोज सकाळी पेडलची चाल हाताने पाहावी. घसरण्याचा वास आला की त्याच क्षणी थांबावे.

मुलाने बैठकीच्या डाव्या बाजूस, पाय टेकण्याच्या जागी, तांबड्या रंगाचा एक ठिपका काढला. पाय तेथे हवा, पेडलवर नको, याची ती खूण. वडिलांनी ती लाकडी खुंटी फेकून न देता ओसरीवरच्या कोनाड्यात ठेवली. का ठेवली ते आम्ही विचारले नाही.

धूळवाफेची पेरणी वेळेवर झाली. जुलै महिन्यात, पाऊस लागून ट्रॅक्टरला काम नसताना, त्याच मिस्त्रीने तो उघडला. या खेपेस काय बदलावयाचे याची यादी मालकानेच त्याच्या हाती दिली होती. क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलमधील लहान बेअरिंग आणि पुढचे-मागचे दोन्ही सील, एवढेच लागले. गळत होते एकच सील. परंतु एकदा उघडल्यावर दुसऱ्या सीलासाठी व एका लहान बेअरिंगासाठी पुन्हा उघडण्याची वेळ येऊ नये, हा शहाणपणा त्यात होता. प्रेशर प्लेट चांगली निघाली. गिअरचे दाते सारे शाबूत होते. प्लेट बसवताना तिची पुढची-मागची बाजू मुलाने स्वतः जुन्या प्लेटशी ताडून पाहिली, कारण ती उलटी बसली तर सारा खटाटोप पहिल्यापासून करावा लागतो. खर्च झाला, पण पहिल्या आकड्याच्या निम्म्याहून कमी. आणि तो भात विकण्याआधी घरातूनच भागला. बांगड्या पेटीत परत गेल्या.

मिस्त्रीला येथे नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. त्याने जे केले तेच त्या घरातल्या दोघांनी केले होते. पाहण्याआधी निवाडा दिला होता. मिस्त्रीने यंत्राला, बापाने मुलाला आणि मुलाने बापाच्या जुन्या लोखंडाला दोषी ठरवले, आणि पेडलला हात लावून पाहावयास मात्र महिनाभर कोणी वाकले नाही. कोणाचाच आरोप सर्वस्वी खोटा नव्हता, म्हणून तर भांडण मिटत नव्हते. पाय खरोखरच पेडलवर होता. ट्रॅक्टर खरोखरच जुना होता. आणि खुंटी कोणालाच आठवत नव्हती.

शेतकऱ्यांचे आश्रयदाते संत इसिदोर यांचा सण १५ मे रोजी येतो. माद्रिदजवळ दुसऱ्याच्या शेतात नांगर हाकणाऱ्या या मजुराला १२ मार्च १६२२ रोजी संतपद जाहीर झाले. आपल्या गोव्यात ज्यांचे पवित्र शव आहे ते संत फ्रान्सिस झेवियर यांनाही त्याच दिवशी तो मान मिळाला. कित्येक ठिकाणी या सणाला बी-बियाणे व अवजारे यांना आशीर्वाद दिला जातो. आमची सूचना इतकीच, की आशीर्वादासाठी ट्रॅक्टर चर्चच्या आवारात आणण्याच्या आदल्या संध्याकाळी घरातील लहानथोरांनी मिळून त्याच्याभोवती एक फेरी मारावी. पेडल हाताने दाबावे, तळाच्या भोकातली पिन हलते का पाहावे, गिअरच्या दांड्याचे रबर फाटले आहे का पाहावे, तेल बोटावर घ्यावे. फार तर अर्धा तास लागेल.

त्या घरचे बापलेक गेल्या नाताळात मध्यरात्रीच्या मिस्सेला भेटले. ट्रॅक्टर कसा आहे असे आम्ही विचारले. "ओढतो," मुलगा म्हणाला. वडील त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते; अंधारात पायऱ्या चढताना त्यांना आधार लागतो.